पडद्यावरील राऊ आणि घरातील आपण

ऐतिहासिक नाटक अथवा चित्रपट पाहून मंडळी घरी परतली की आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाचा खल होतो : हे खरोखर असे घडले होते काय? प्रश्न गैर नाही. परंतु त्या एकाच मापाने कलाकृती मोजू लागल्यास तिच्या गुणांस न्याय मिळत नाही, आणि आश्चर्य असे की तिचे खरे दोषही दृष्टीआड राहतात. श्री. संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटाचे नेमके हेच झाले. १८ डिसेंबर २०१५ रोजी तो प्रदर्शित झाला. पण त्यापूर्वीच त्यातील ‘पिंगा’ आणि ‘मल्हारी’ या दोन गाण्यांवरून वाद उसळला. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, पुण्यात निदर्शने झाली. वाद नृत्यापाशी सुरू झाला आणि नृत्यापाशीच संपला. आता दहा वर्षांच्या घरात काळ लोटला आहे. धुरळा खाली बसला आहे, आणि चित्रपट घरबसल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र पाहावा अशी सोय झाली आहे. तेव्हा त्याच्या गुणदोषांचा शांतपणे विचार करावयास हरकत नसावी.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून केलेले थोडे संस्कृताचे अध्ययन आणि धाराशिव जिल्ह्यातील शाळांतून केलेली मास्तरकी, एवढीच माझी पुंजी. त्या पुंजीवर जे दिसले ते वाचकांपुढे ठेवितो.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी मूळ वृत्तान्त थोडक्यात सांगतो. १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, बाजीरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७२९ साली महंमदखान बंगषाने बुंदेलखंडाच्या वृद्ध छत्रसालास कोंडीत धरले असता बाजीराव त्याच्या साहाय्यास धावून गेले. उपकृत राजाने राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला, आणि त्याच संबंधातून मस्तानीबाई पेशव्यांच्या जीवनात आल्या. छत्रसालाची मुसलमान उपस्त्रीपासून झालेली ही कन्या, अशी रूढ समजूत आहे. इतिहासकारांत त्याविषयी मतभेदही आहेत. १७३४ साली त्यांस पुत्र झाला. मातुःश्री राधाबाई, बंधू चिमाजीअप्पा, ज्येष्ठ पुत्र नानासाहेब आणि पुण्याचा ब्रह्मवृंद यांस हा संबंध मान्य झाला नाही. १७४० च्या फेब्रुवारीत रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न ही मंगलकार्ये पुण्यास झाली, तेव्हा घरचा कर्ता पुरुष नासिरजंगाच्या मोहिमेत दूर होता, आणि मस्तानीबाई नजरकैदेत होत्या. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावांचा अंत झाला. पाठोपाठ मस्तानीबाईही गेल्या. एकाची समाधी नर्मदेच्या तीरी आणि दुसरीची कबर पुण्याजवळ पाबळास आहे.

या वृत्तान्तावर श्री. ना. सं. इनामदार यांनी १९७२ साली ‘राऊ’ ही कादंबरी लिहिली, आणि चित्रपटाने तिचाच आधार घेतला आहे.

प्रथम गुण सांगावेत, हे उचित. चित्रपटाचा पहिला गुण हा की, जी गोष्ट आपल्या घरांतून हलक्या आवाजात, बहुधा अर्धीमुर्धीच सांगितली जाई, ती त्याने उजेडात आणून मांडली. पूर्वी मस्तानी म्हटली की घशातून उतरणारा पानाचा रस दिसावा इतकी गोरी, एवढीच तिची ओळख असे. येथे तिला खड्ग आहे, भक्ती आहे, आणि तान्हे मूल कडेवर घेऊन मारेकऱ्यांशी झुंजण्याचे धैर्य आहे. एका उपेक्षित स्त्रीस ‘कोणाची तरी’ न ठेवता स्वतःचे व्यक्तित्व देणे हे लहान काम नव्हे.

दुसरा गुण दृश्यांचा. समया, निरांजने, हंड्या-झुंबरे यांच्या उजेडाने हा चित्रपट जणू लिहिला आहे. छायाचित्रणाबद्दल श्री. सुदीप चॅटर्जी यांस आणि दिग्दर्शनाबद्दल स्वतः भन्साळी यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होय. पेशव्यांचा वाडा एवढा दैदीप्यमान नव्हता, हे कोणीही सांगेल. पण नेत्रसुखास अगदीच नाके मुरडू नयेत. कालिदासाची अलकानगरी तरी कोणी मोजून पाहिली होती?

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे काशीबाईंचे चित्र. श्रीमती प्रियांका चोप्रा यांनी ही भूमिका केली आहे. नवऱ्याचे मन दुसरीकडे गेल्याचे कळल्यावर या काशीबाई आकांत करीत नाहीत, शाप देत नाहीत. आपल्या प्रेमाच्या अभिमानास धक्का बसला, एवढेच त्या सांगतात, आणि पुन्हा घरच्या रीतीभातीत स्वतःस बांधून घेतात. भरल्या घरात असूनही एकटी पडलेली बाई आपल्यांपैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. ती येथे इतक्या संयमाने उभी राहिली आहे की, प्रेक्षकांतील स्त्रियांचे डोळे मस्तानीबाईंहून काशीबाईंसाठी अधिक ओले होतात. राधाबाईंच्या भूमिकेसाठी श्रीमती तन्वी आझमी यांनी केशवपन केले होते, आणि त्यांसही राष्ट्रीय पारितोषिक लाभले. त्यांच्या नुसत्या पाहण्यातही वाड्याचा दरारा आहे.

शेवट दुःखाचा केला, हेही काही आपल्या परंपरेस सोडून झाले नाही. संस्कृत नाटकांनी शोकान्त टाळला हे सामान्यतः खरे; भासाचे ‘ऊरुभंग’ हा त्यास ठळक अपवाद. परंतु मराठी रंगभूमीने तो फार लवकर आपलासा केला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे १८६१ सालचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक शोकान्तच आहे, आणि खाडिलकरांचे ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ हेही. म्हणजे पेशव्यांच्या घराण्याचे दुःख पाहून रडण्याची सवय मराठी प्रेक्षकास चांगली दीडशे वर्षांची आहे. हा चित्रपट त्याच मालिकेत बसतो. तेव्हा त्याची परीक्षाही त्याच गांभीर्याने व्हावी.

आता दोषांकडे वळू. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हे रसाचे जीवितच होय असा सिद्धान्त मांडला. अलंकार कितीही सुंदर असो, तो भलत्या जागी घातला की शोभा जाऊन हसे होते. ‘मल्हारी’ या गाण्यात विजयी पेशवा शिपायांबरोबर हातपाय झाडीत नाचतो. तसे नृत्य करणारा नायक दुसऱ्या एखाद्या कथेत शोभेल. परंतु ज्याचा पुढे दुःखद अंत दाखवावयाचा, त्याचे धीरोदात्तपण प्रथम मनावर ठसावे लागते. उंचावरून पडला तरच पडणे कळते. ‘पिंगा’विषयी मात्र मला लोकांहून थोडे निराळे वाटते. पिंगा हा मंगळागौरीतील खेळ, आणि तो बायकाबायकांतच खेळावयाचा. तेव्हा कुलीन स्त्री नाचली म्हणून आकाश कोसळत नाही. काशीबाईंस पायाचे दुखणे होते असे इतिहास सांगतो, तेही क्षणभर बाजूस ठेवू. खरा दोष असा की, काशीबाई सवतीच्या दारी आमंत्रण घेऊन जातात त्या प्रसंगात दोघींमध्ये जो सूक्ष्म ताण निर्माण झालेला असतो, तो या नृत्याच्या धडाक्यात विरून जातो. हातात आलेला रस कवीने स्वतःच सांडून टाकावा, असे हे झाले.

याहून मोठी उणीव बाजीरावांच्या कर्तृत्वाची. पुण्याच्या मंडळींस पेशवाई हा घरचा विषय; आम्हां मराठवाड्यातील लोकांस निजाम हा घरचा विषय. आमच्या वडीलधाऱ्यांनी सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच घराण्याच्या अमलाखाली दिवस काढले. त्या घराण्याच्या मूळ पुरुषास बाजीरावांनी कसे नमविले, हे पडद्यावर दिसेल म्हणून मी मोठ्या आशेने बसलो होतो. १७२८ साली वैजापूरजवळ पालखेड येथे जे घडले तशी युक्ती युद्धशास्त्रात विरळा. निजाम पुण्याच्या रोखाने आला असता बाजीरावांनी पुण्याच्या बचावास न जाता त्याच्याच मुलखात मुसंडी मारली, खानदेश-गुजरातेकडे हुलकावण्या दिल्या, आणि पाठलागाच्या घाईत अवजड तोफखाना मागे टाकून आलेल्या निजामास पाण्यावाचून व दाण्यावाचून कोंडले. रक्ताचे पाट न वाहता शत्रू शरण आला. ६ मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई-सरदेशमुखीचा शाहू महाराजांचा हक्क त्यास मान्य करावा लागला. आणि या सहा सुभ्यांत आमचा मुलूखही आलाच. हे बुद्धीचे युद्ध होते. चित्रपटात त्याऐवजी बाणाने मोरपीस भेदण्याची परीक्षा आहे, आणि शेवटी संतप्त नायकाने एकट्याने शत्रुसैन्यात घुसणे आहे. बाजीरावांचे मोठेपण संवादांतून वारंवार ऐकू येते, परंतु डोळ्यांस दिसत नाही. मग अशा पुरुषाने प्रेमापायी काय गमाविले, त्याचा अंदाज नव्या पिढीच्या मुलांस कसा यावा?

तथापि हेही दोष मी पोटात घालीन. एक दोष मात्र घालवत नाही, आणि त्याची चर्चा मी तरी फारशी ऐकिली नाही. तो असा की, या चित्रपटाने घरच्या माणसांस खलपुरुष करून टाकिले.

राधाबाई कठोर, चिमाजीअप्पा कारस्थानी, नानासाहेब उद्दाम, भटजी कावेबाज. नायक-नायिका तेवढी निर्मळ. अशी मांडणी केली की दुःख सोपे होते. दुष्टांनी सज्जनांस छळले, आपण सज्जनांसाठी रडलो, आणि मन हलके करून घरी आलो. परंतु इतिहासातील ही माणसे तशी होती काय? ज्या राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या असता रजपूत राजांनी तर त्यांचा मान राखिलाच, पण रणात पराभूत झालेल्या महंमदखान बंगषानेही त्यांचा आदर केला, त्या काय केवळ खाष्ट सासू होत्या? चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. वडील बंधूवर त्यांची निस्सीम भक्ती होती. आणि बाजीरावांच्या मागे ते पुरते आठ महिनेही जगले नाहीत. ज्या हातांनी मस्तानीबाईंस अटकेत ठेविले, ते हात बाजीरावांच्या पाठीशी जन्मभर उभे होते. त्यांचा बाजीरावांवर लोभ होता, आणि तरीही त्यांनी हे केले. खरे दुःख येथे आहे.

भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त हे किती जाणून लिहिले आहे! सीतात्यागाची वार्ता आणणाऱ्या हेराचे नाव दुर्मुख. पण तो दुष्ट नाही, ते शब्द उच्चारताना त्याचीच जीभ अडखळते. अपवाद घेणारी प्रजा नाटकात खल म्हणून कोठे उभी राहत नाही. राम तर स्वतःच सीतेवर प्राणांपलीकडे प्रेम करणारा. साऱ्या नाटकात एकही खलपुरुष नाही, आणि तरीही एका निरपराध स्त्रीवर घोर अन्याय होतो. म्हणूनच तिसऱ्या अंकात वासंती रामास तोंडावर बोल लावते तेव्हा ते बोल प्रेक्षकांसही लागतात. खल नसला की दोष टाकावयास जागा उरत नाही; तो आपल्याच पदरी येतो.

हे मी केवळ ग्रंथ वाचून म्हणत नाही. माझ्या लहानपणी आमच्या थोरल्या चुलत बहिणीने परजातीत विवाह केला. ती शिकलेली होती, नोकरी करीत होती, आणि सर्वांची लाडकी होती. आजोबांनी घरात तिचे नाव काढावयाचे नाही असे सांगितले, आणि कोणी काढले नाही. आजोबा क्रूर नव्हते. दुष्काळात दारी आलेल्या कोणासही त्यांनी विन्मुख पाठविले नव्हते. काका तर तिचे वडीलच. आजी रोज तिन्हीसांजेस देवापुढे नेहमीच्या दोन वातींबरोबर तिसरी वात लावू लागली. ती कोणासाठी, हे तिने कधी सांगितले नाही व कोणी विचारिलेही नाही. पुढे घरात दोन मुंजी आणि एक लग्न झाले; तिजकडे अक्षत गेली नाही. आजी वारली तेव्हा मात्र ती आली, आणि ओसरीवर बसून राहिली. आत ये असे तिला कोणी म्हटले नाही, आणि जा असेही कोणी म्हटले नाही. सायंकाळच्या मोटारीने ती परत गेली. यात खल कोण होता, हे मला आजतागायत सांगता येणार नाही. अन्याय मात्र झाला, हे निश्चित.

अशी तिसरी वात लावणारी एखादी राधाबाई चित्रपटात दिसती तर तो कोठल्या कोठे गेला असता! मुलाच्या विरहाने झुरणारी, तरीही कुलाच्या बंधनातून बाहेर पडू न शकणारी आई दाखविण्याचे सामर्थ्य त्या अभिनेत्रीत पुरेपूर होते. तिला तशी दोन-चार वाक्येच मिळाली नाहीत.

शेवटाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. भरतमुनींनी विप्रलंभ शृंगार आणि करुण यांमधील भेद सांगितला आहे. विप्रलंभात पुन्हा भेटण्याची आशा शिल्लक असते, करुणात ती समूळ तुटलेली असते. चित्रपटाच्या अखेरीस ज्वराच्या भ्रमात नर्मदेच्या पाण्यात अदृश्य शत्रूंशी लढणारे बाजीराव आणि बेड्यांत अडकलेल्या मस्तानीबाई एकाच क्षणी प्राण सोडतात. प्रसंग अत्यंत देखणा आहे, अंगावर काटा येतो. परंतु दोघे एकदम गेल्यामुळे मृत्यू हेच मीलन होते, आणि तेथे शोकापेक्षा शृंगाराचीच सरशी होते. खरा करुण मागे उरलेल्यांचा. काशीबाईंस त्यानंतर कैक वर्षे जगावयाचे होते. त्यांनी तीर्थयात्रा केल्या, माहेरी चास येथे सोमेश्वराचे देऊळ बांधविले, आणि मस्तानीबाईंच्या पोरक्या मुलास आपल्याजवळ वाढविले असे सांगतात. त्या मुलाचे नाव कृष्णराव ठेवावे व त्याची मुंज करावी ही बापाची इच्छा धर्माधिकाऱ्यांनी मानली नाही. तो शमशेर बहाद्दर झाला. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, त्याच रणात तोही लढला, आणि जखमांनी थोड्याच दिवसांत गेला. वय अवघे सत्तावीसच्या आसपास. ज्यास पंगतीत पान मिळाले नाही त्याने मरणाच्या पंगतीत आपले पान चुकविले नाही. या एका वाक्यासाठी चित्रपट आणखी दोन मिनिटे चालता, तर मी त्यास सर्व नृत्ये माफ केली असती.

आमच्या घरी हा चित्रपट मध्यंतरी पुन्हा पाहिला, तेव्हा नंतरच्या गप्पांत सर्वजण काशीबाईंस ‘त्या’ म्हणत होते आणि मस्तानीस ‘ती’. धाकट्या सूनबाईने हे हेरले आणि हसत विचारिले, “मामंजी, पेशवीणबाई त्या, मग बुंदेल्यांची राजकन्या ती का?” कोणापाशीच उत्तर नव्हते. या लेखात मी आरंभापासून ‘मस्तानीबाई’ असे लिहिले आहे, ते तिच्या प्रश्नामुळे.

तेव्हा वाचकांस माझी शिफारस अशी आहे की, हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि घरातील मुलांमाणसांसह पाहावा. काशीबाई आणि राधाबाई यांच्या प्रसंगी गप्पा करू नयेत. ‘मल्हारी’ सुरू झाले की वडील माणसांनी रागावण्याऐवजी मुलांस पालखेडची हकीकत सांगावी. तेवढ्या वेळात ती बरोबर सांगून होते. आणि चित्रपट संपल्यावर, कोणी किती चांगले काम केले याची चर्चा आटोपली म्हणजे, एकमेकांस एवढेच विचारावे की, आपण त्या वाड्यात असतो तर कोणाच्या बाजूस उभे राहिलो असतो. उत्तर लगेच देण्याची घाई करू नये. आपल्या पुष्कळ घरांतून अजूनही एखादे नाव घेतले जात नाही. त्या दिवशी जेवणाच्या वेळी ते नाव कोणी सहज काढले, आणि पुढच्या कार्याच्या यादीत कोणी ते लिहिले, तर चित्रपटाकडून राहून गेलेले काम पाहणाऱ्यांनी केले असे होईल.